मनोरीचा खोटा पाऊस

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीपर्यंतच शिकले. वेलांटी पहिली की दुसरी, हे अजून कळत नाही. हात जिकडे वळेल तिकडे काढते. चुकलं असेल तर माफ करा, असं लिहून पुढे जाणार होते, पण माफ करणार कोण? हे कागद मी कोणाला दाखवणार नाही. तरी माफी मागितल्याशिवाय पेन पुढे जाईना. सवयच तशी. दार उघडं असलं तरी मी आधी ‘येऊ का’ विचारते, आणि आतून आवाज नाही आला तर परत फिरते.

दिवाळीचे कंदील उतरले की नाहूरला आमच्या बिल्डिंगखाली सुकी मासळी विकणारी बाई येते. वरच्या मजल्यावरची माणसं खिडक्या लावून घेतात. मी उघडी ठेवते. वास आधी जिन्यात येतो, मग दाराच्या फटीतून आत, मग वाळत घातलेल्या कपड्यांत जाऊन बसतो. माझा मुलगा म्हणतो, “आई, ऑफिसात माझ्या शर्टाला बोंबलाचा वास येतो ना.” येऊ दे. मला त्या वासात मनोरीचा किनारा दिसतो, बांबूंच्या वलांड्या दिसतात, आणि वलांड्यांच्या मधे टोपी घालून उभ्या असलेल्या इंदूताई.

वलांडी म्हणजे बांबूचे खांब रोवून, वर आडव्या दोऱ्या ताणून केलेला मांडव. त्यावर बोंबील वाळवतात. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. कोळणींचे हात इतके भराभर चालतात की बघताना आपल्याच बोटांना मुंग्या येतात. ओले असताना ते काचेसारखे असतात, पलीकडचं ऊन आरपार दिसतं. वाळत जातात तसे पिवळट होतात, कडक होतात, आणि वारा आला की एकमेकांवर आपटून बारीक वाजतात. हजारो वाळक्या पानांसारखे. तो आवाज ताईंना फार आवडला होता. “सुलू, ऐक,” त्या म्हणाल्या होत्या, “ह्याला म्युझिक डायरेक्टर लागणार नाही.”

मी त्यांच्याकडे अंधेरीला स्वयंपाकाला लागले होते. वाशीमकडून लग्न होऊन मुंबईत आले, नवरा लवकर गेला, विहारातल्या एका मावशीने काम लावून दिलं. ‘सिनेमावाली बाई आहे, सिगारेट ओढते, पण पगार वेळेवर देते.’ पहिले काही महिने मी त्यांच्यासमोर मान वर केली नाही. मग एकदा शूटिंगला कपडे सांभाळणारी बाई आली नाही, तर ताई म्हणाल्या, “चल, तू चल. इस्त्री येते ना?” तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर. घरी भाकऱ्या, सेटवर साड्या. गर्दी असली की मी कपड्यांच्या पेटीमागे उभी राहायची. लोकांना वाटायचं पेटी एकटीच आली आहे.

ताई तरुणपणी स्टुडिओत कामाला लागल्या तेव्हा बाईने नटी व्हावं, नाहीतर नटीचे केस विंचरावेत, एवढंच होतं. दिग्दर्शकाच्या खुर्चीत बाई बसते हे कोणी बघितलं नव्हतं. त्या सांगायच्या, त्यांच्या पहिल्या चित्रपटाच्या पहिल्या दिवशी त्यांनी लाइटवाल्याला सांगितलं, “दादा, तो दिवा जरा डावीकडे.” तो हललाच नाही. कॅमेरामनकडे बघून म्हणाला, “साहेब, बाई काय म्हणतायत?” मग ताई साडी खोचून शिडीवर चढल्या आणि दिवा स्वतः फिरवला. हात भाजला. तो डाग मी पाहिला आहे, मनगटाच्या आत. त्या चित्रपटाच्या पोस्टरवर त्यांच्या नावाच्या वर नवऱ्याचं नाव छापलं होतं, मोठ्या अक्षरात. पैसे त्याने आणले म्हणून. पुढे नवरा गेला दुसरीकडे, पैसेही गेले. ताई राहिल्या.

मुलाखतीला पोरं यायची. “मॅडम, पहिली महिला दिग्दर्शक म्हणून कसं वाटतं?”

“पहिली म्हणजे काय माहितीय का?” ताई म्हणायच्या. “जिच्यासाठी सेटवर संडास नसतो ती.”

पोरं हसायची. ते छापून मात्र कधी आलं नाही.

मनोरीचं शूटिंग त्यांच्या साठीनंतरचं. बऱ्याच वर्षांनी त्यांना एक निर्माता मिळाला होता. गोष्ट एका कोळणीची होती. मार्व्याच्या जेटीवरून आम्ही रोज फेरीबोटीने पलीकडे जायचो, पेट्या, साड्या, कॅमेरा सगळं घेऊन. थंडी नुकती लागली होती. सकाळी किनाऱ्यावर दव असायचं, दुपारी कोरडं कडक ऊन. बोंबलाला लागतं तसंच.

वाडीतल्या बायकांची पुढारीण होती जानाबाय. रुंद, काळी, नाकात मोठी चमकी. पहिल्याच दिवशी ताईंना म्हणाली, “काय गो, तू बाई हायेस आनि ही सगली बाप्यांची फौज तुला भिते?”

“भीत नाहीत गं. पगार घेतात.”

“मंग आमच्यासारखंच. आमचे पन आमाला भीत नाय, निस्ता पैसा घेतात.”

दोघी हसल्या आणि तिथेच दोघींचं जमलं. जेवणाच्या सुट्टीत ताई युनिटचा डबा सोडून जानाबायच्या ओट्यावर बसायच्या. भाजलेला सुका बोंबील, तांदळाची भाकरी, कच्चा कांदा. बोटं चाटून खायच्या. नटीला ते बघवायचं नाही.

शेवटी पावसाचा सीन होता. गोष्टीतल्या कोळणीचा नवरा दर्यात गेलेला, अवेळी पाऊस येतो आणि ती आपली मासळी वाचवायला वलांड्यांमधून धावते. सिनेमातला पाऊस ढगातून येत नाही, टँकरमधून येतो. बोरिवलीकडून रस्त्याने मोठा फेरा मारून टँकर आला. क्रेनवर भोकांचे पाइप बांधले, वाऱ्यासाठी माणसाएवढा पंखा लावला. सीनसाठी पुढच्या दोन वलांड्यांवर विकत घेतलेले बोंबील टांगले, भिजवायचेच म्हणून. मागच्या साऱ्या वलांड्या वाडीच्या होत्या. त्या वर्षी दर्या रुसला होता, बोटी अर्ध्या रिकाम्या यायच्या. जे काही मिळालं होतं ते सगळं त्या दोऱ्यांवर होतं, वाळून तयार. दोन दिवसांत व्यापारी येणार होता.

ताईंनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, “जानाबाय, मागची मासळी उतरवून घ्या. पाणी कुठे जाईल सांगता येत नाही.”

बायकांची बैठक बसली. मी तिथेच साड्यांच्या घड्या घालत होते. जानाबाय परत आली ती मान ठाम करून. “नाय उतरवायची.”

“अगं, का?”

“रिकामे बांबू दिसतील ना गो सिनेमात. सगली दुनिया बघंल. म्हनतील, मनोरीच्या कोलनींकडं मासलीच नाय. आमची इज्जत हाय का नाय?”

ताई कॅमेऱ्याला डोळा लावून बघत होत्या. मागे एकामागे एक भरलेल्या वलांड्या, थेट समुद्रापर्यंत, उन्हात सोनेरी. मला त्यांचा चेहरा दिसत होता. उपाशी माणसापुढे ताट यावं तसा. त्यांनी डोळा काढला आणि म्हणाल्या, “राहू दे मग. पाइप पुढे घेऊ.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या नवी लुगडी नेसून, केसांत अबोली माळून आल्या. एकीने चक्क छत्री आणली होती. खोटा पाऊस सुरू झाला तशा पोरींसारख्या किंचाळल्या.

भिजायच्या सीनला एकसारख्या साड्या लागतात, जितक्या साड्या तितके टेक. आमच्याकडे तीन होत्या. पहिल्यात नटी घसरली. दुसरा चांगला झाला, पण ताईंना तो ‘चांगला’ नको होता. तिसऱ्या टेकला दुपार कलली होती. नटी धावायला लागली आणि तेवढ्यात समुद्राकडचा वारा थांबला, जमिनीकडून सुटला. पंख्याचा वारा आणि तो वारा एक झाले. पाणी सगळं उचललं गेलं आणि मागे, पार मागे, वलांडीमागून वलांडीवर पांढऱ्या पडद्यासारखं चालत गेलं. उन्हातून. इतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलं नाही. बायकाही तोंड उघडं टाकून बघत राहिल्या. कोणाच्या लक्षातच आलं नाही की ते आपल्याच मासळीवर पडतं आहे. युनिटच्या टाळ्या थांबल्या तेव्हा नुसतं ठिबकणं ऐकू येत होतं. बोंबील वाजत नव्हते.

वाळलेल्या बोंबलावर गोडं पाणी पडलं की तो परत वाळत नाही. आधी लाल पडतो, मग किडतो. बायकांनी चुली पेटवून धूर दिला, चादरी पसरून पुसून बघितलं. तिसऱ्या दिवशी व्यापारी फेरीवरून उतरला, नाकाला रुमाल लावला आणि त्याच फेरीने परत गेला.

तो वास मात्र मला आठवायला नको असतो, तरी आठवतो. हा खालून येतो तो नव्हे. तो सडका वास.

निर्मात्याच्या मॅनेजरने ताईंना फोनवर सांगितलं, “मॅडम, विमा सेटचा असतो. सेट तर शाबूत आहे. माशांचा विमा कोण काढतं?” वर म्हणाला, त्या बायकांनीच नाही म्हटलं होतं ना उतरवायला? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ताईंनी फोन ठेवला आणि वाडीत गेल्या. मी मागे.

जानाबाय ओट्यावर बसली होती. वर बघितलं नाही. म्हणाली, “देवाच्या पावसानं नेलं असतं त दर्याला शिव्या दिल्या असत्या. आता कोनाला देऊ?”

“मला दे.”

“तुला कशी देऊ? नको तर आमीच म्हनालो.”

“तुम्ही म्हणालात. ‘राहू दे’ मी म्हणाले. सेटवर शेवटचा शब्द माझा असतो.” ताई उभ्याच होत्या, बसल्या नाहीत. “त्या खुर्चीसाठी मी जन्मभर भांडले जानाबाय. आता ह्या एका गोष्टीला खुर्ची दुसऱ्याची कशी म्हणू? सगळ्यांचे पैसे मी देईन. वेळ लागेल. आणि फिटेपर्यंत तुमच्या घरचं खाणार नाही.”

एक म्हातारी मागून कुजकट हसली. “सिनेमावाली ती. इंटरवल झाला, आता दिसायची नाय.”

पुढच्या वर्षी दिवाळी सरली आणि पहिले पैसे घेऊन आम्ही फेरीत बसलो. त्यानंतरही दर वर्षी. ताईंची गाडी आधी गेली, मग बांगड्या. बक्षिसाची चांदीची बाहुली घेऊन मी घाटकोपरला सोनाराकडे गेले, तर त्याने घासून परत दिली. “आतून पितळ आहे, ताई.” घरी सांगितलं तर इंदूताई इतक्या हसल्या की खोकला लागला. “अगं, तीच तर माझी बायोग्राफी!”

जानाबायला सगळ्यात जास्त द्यायचं होतं, तिची मासळी सगळ्यात जास्त होती. तिने स्वतःच सांगितलं होतं, आधी बाकीच्यांचं फेड, माझं मागनं. पण तिच्या बोटीचं इंजिन त्या बोंबलांच्या पैशात दुरुस्त व्हायचं होतं. बोट किनाऱ्यावरच राहिली. दर वर्षी गेलो की ती आणखी वाळूत रुतलेली असायची. नवरा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जायला लागला, मुलगा एका हॉलिडे कॉटेजमध्ये चादरी बदलायला. पैसे मागून आले म्हणून बोट थोडीच उठते? ताई जेटीवरून वाडीत जाताना बोटीकडे न बघता जायच्या आणि येताना तिच्यापाशी थांबायच्या.

सिनेमा लागला तेव्हा ताईंनी वाडीतल्या बायकांना बोरिवलीच्या थिएटरमध्ये नेलं होतं. आमच्याशिवाय आत जेमतेम दहाबारा माणसं. तो सीन आला. पडद्यावर ऊन, पाऊस आणि सोनेरी मासळी. जानाबाय अंधारात उठून उभी राहिली आणि बोट दाखवून म्हणाली, “ती बगा गो, ती मधली. ती माझी वलांडी.” मग तिने पदर तोंडात कोंबला. मी ताईंकडे वळले तर खुर्ची रिकामी. त्यानंतर तो सिनेमा कुठेकुठे दाखवला, परदेशात गाजला, पण तो सीन यायच्या आधी ताई नेहमी बाहेर जायच्या. लोकांना वाटायचं, सिगारेटसाठी.

गाजला तरी पैसे झाले नाहीत, आणि म्हाताऱ्या बाईला पुढचा सिनेमा कोण देणार? त्या मालिका करायला लागल्या. आपलं नाव न लावता. नाव एका तरुण पोराचं, तो दुसऱ्या सेटवर. इथे भाग ताई काढायच्या. कानातल्या यंत्रातून चॅनेलची कोणी मुलगी सांगायची, “मॅम, सासूच्या अजून तीन रिअॅक्शन्स.” आणि ताई घ्यायच्या. पैसे तीन महिन्यांनी मिळायचे, मालिकांची रीतच तशी.

“ताई, तुम्ही हे कशाला करता?” एकदा मी धीर करून विचारलं.

“बोंबील वाळत घालतेय गं. एकेक एपिसोड दोरीवर टाकायचा. वारा फिरला नाही म्हणजे झालं.”

वारा फिरलाच. त्यांच्या फुप्फुसात पाणी व्हायला लागलं. मुलुंडच्या हॉस्पिटलात सुई घालून पाणी काढायचे, परत भरायचं. नळीतून बाटलीत उतरणारं ते पिवळट पाणी बघून त्या म्हणाल्या, “बोरिवलीचा टँकर आलेला दिसतोय.” मला हसू आलं नाही. त्या अवस्थेत त्यांनी मालिकेचे शेवटचे भाग काढले, खुर्चीत उशा लावून, पुढ्यात वाफेचं यंत्र. सगळ्यांचं फिटलं होतं, फक्त जानाबायचा शेवटचा हप्ता राहिला होता. ऑफिसात फोन करून त्यांनी सांगितलं, ह्या भागांचे पैसे सुलूच्या खात्यात टाका. मला म्हणाल्या, “तेवढ्याने होतं बघ.”

“तुम्ही बऱ्या झाल्या की जाऊ ना दोघी.”

“सुलू, पेटीमागून बाहेर ये आता.”

आषाढात त्या गेल्या. जवळचं कोणी नव्हतं. मी आणि माझ्या मुलाने सगळं केलं.

मग अंधेरीला शोकसभा झाली. तेव्हा मात्र खुर्च्या कमी पडल्या. व्यासपीठावरचे दोन गृहस्थ, ताई पहिल्या की दुसऱ्या, यावर वाद घालत होते. मग पडद्यावर तो सीन दाखवला. एक जण म्हणाले, बाईंनी निसर्गाला साक्षात कॅमेऱ्यात पकडलं. मागून कोणीतरी मला माइककडे ढकललं, “ह्या त्यांच्या बरोबर असायच्या, दोन शब्द बोला.” मी उभी राहिले. तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. लोकांना वाटलं मला रडू आलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला बसवलं. मला रडू आलं नव्हतं. मला एवढंच सांगायचं होतं की तो निसर्ग नव्हता, टँकर होता, आणि मागे दिसतात ते बोंबील जानाबायचे आहेत. सांगता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

पैसे तीन महिन्यांनी आले. ताई नव्हत्या, पण रीत कोणासाठी थांबली नाही. बँकेतून नोटा काढल्या आणि गेल्या आठवड्यात एकटी मार्व्याला गेले. फेरीत बसले तेव्हा शेजारची जागा मी पिशवी ठेवून अडवली. का, ते मला ठाऊक नाही. एका बाईने ‘कोणी आहे का’ विचारलं, तेव्हा पिशवी उचलली.

मनोरीला ऊन तसंच होतं. वलांड्या कमी झाल्या आहेत, मधेमधे पर्यटकांच्या गाड्या लागतात. बोटीच्या नुसत्या बरगड्या उरल्या आहेत. जानाबाय ओट्यावर होती, वाकलेली, हात मात्र चालू, जबड्यात जबडा. दार उघडंच होतं. मी ‘येऊ का’ विचारलं नाही, सरळ ओट्यावर चढले.

“आलीस? इंदूबाय कुठं? जेटीवर बसली का दम लागून?”

हे मी आजवर कोणाला तोंडाने सांगितलं नव्हतं. ज्यांना सांगायचं, त्यांना माझ्या मुलाने फोन केले होते.

“ताई गेल्या, जानाबाय.”

तिचे हात थांबले. मग तिने हातातली जोडी पुरी अडकवली, बाजूला ठेवली आणि हात लुगड्याला पुसले. मी पाकीट पुढे केलं. म्हटलं, “हा शेवटचा. त्यांनीच कमावलेला आहे. माझा नाही.”

आत जाऊन तिने भाजलेला बोंबील आणि भाकरी आणली, ताटली माझ्यासमोर ठेवली आणि आधी नोटा मोजल्या, बोट ओलं करून, सावकाश. इतकी वर्षं ताईंनी इथे पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मी ताटलीला हात लावला नाही, मोजणं होईपर्यंत.

“फिटलं गो,” जानाबाय म्हणाली. “पै न पै फिटली. खा आता.” मी पहिला घास घेतला. ती नोटा पदरात बांधत होती, पण गाठ तिला जमेना. मी बांधून दिली. मग ती समुद्राकडे तोंड करून म्हणाली, “आता दिवाली सरली की कोनाची वाट बगायची?”